फोनमधली खिडकी आणि तिची कडी
(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



दिवसभर रानात राबून, गुरांचे शेणपाणी उरकून तुम्ही रात्री या वर्गाला येता. डोळ्यांवर झोप असते, तरी पाटी सोडत नाही. म्हणून मी फार वेळ घेणार नाही. आज मी तुमच्या खिशातल्या फोनविषयी बोलणार आहे. त्यातही एकाच गोष्टीविषयी. तिचे नाव ब्राउझर.

मघाशीच एका आजोबांनी मला विचारले, “मास्तर, ह्यो ब्राउझर म्हंजी काय? फोनच की न्हाई त्यो?”

प्रश्न रास्त आहे. फोन म्हणजे आपले घर असे समजा. घराला भिंती असतात, तशी खिडकीही असते. खिडकीतून बाहेरचा रस्ता दिसतो, बाजार दिसतो. फोनमध्येही अशी एक खिडकी असते. तिच्यातून जगभरची पाने दिसतात. कोणी बाजारभाव पाहतो, कोणी मुलाचा निकाल पाहतो, कोणी सातबारा पाहतो. ही खिडकी म्हणजे ब्राउझर.

ही पाने एकमेकांना जोडण्याची युक्ती टिम बर्नर्स ली नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९८९ साली मांडली. तेव्हा ते स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहराजवळ एका विज्ञानसंस्थेत काम करीत होते. पहिला ब्राउझरही त्यांनीच १९९० साली तयार केला. पुढे १९९३ साली त्या संस्थेने ही युक्ती साऱ्या जगाला मोफत खुली केली. आपल्या देशात सामान्य लोकांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. आज ब्राउझर पुष्कळ आहेत. फायरफॉक्स २००४ साली आला, क्रोम २००८ साली आला. तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनात क्रोम आधीपासूनच असतो. म्हणून मी मुख्यतः त्याचेच उदाहरण घेईन.

आता खिडकी म्हटली की उजेड येतो, वारा येतो. पण कडी लावली नाही तर मांजर येते आणि चोरही येतो. खिडकी वाईट नव्हे. कडी न लावणे वाईट.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्यावरच तो प्रसंग आला होता. तो सांगतो.

मी नवा फोन घेतला होता. एका पानावर बातमी वाचीत होतो. मध्येच एक चौकट आली. ‘सूचना पाठवू का? परवानगी द्या.’ मी घाईत होतो. न वाचताच परवानगी देऊन टाकली. दुसऱ्या दिवसापासून फोनवर सूचना येऊ लागल्या. आज बक्षीस, उद्या स्वस्त फोन. मी तिकडे लक्ष दिले नाही. मग एका संध्याकाळी सूचना आली, ‘तुमचे बँक खाते आज रात्री बंद होणार. ताबडतोब माहिती भरा.’

त्या खात्यात आमच्या घरच्या कांद्याची पट्टी जमा झाली होती. थोरल्या भावाची वर्षाची मेहनत होती ती. मी घाबरलो. सूचनेवर बोट ठेवले. बँकेच्या पानासारखेच पान उघडले. तेच चित्र, तोच रंग. मी नाव भरले. कार्डाचा नंबर भरला. मग फोनवर सहा आकड्यांचा ओटीपी आला. तो भरायला मी पानाकडे वळलो.

शेजारी आमच्या वहिनी तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्या याच वर्गात येतात. तेव्हा त्यांना येऊन चार महिने झाले होते. इंग्रजी त्यांना येत नाही, पण आकडे त्या नुकत्याच शिकल्या होत्या. दिसेल तो आकडा वाचायची त्यांना हौस लागली होती. त्यांनी माझ्या फोनात डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, “भाऊजी, खाली अठरा हजार पाचशे लिवलंय. त्ये कशाचं?”

मी त्या निरोपाकडे नीट पाहिले. त्यात लिहिले होते की १८,५०० रुपये खर्च करण्यासाठी हा ओटीपी आहे, तो कोणालाही सांगू नका. खाते चालू ठेवण्याचा तो ओटीपी नव्हता. पैसे काढण्याचा होता. माझे बोट तिथेच थांबले.

मी त्या पानातून बाहेर पडलो. बँकेत फोन करून कार्ड बंद करून घेतले. पैसे वाचले. पण मला लाज वाटली. मी मास्तर म्हणवतो. मला चार पुस्तके वाचता येतात. पण मी वाचले नाही. वहिनींना नुसते आकडे येत होते, त्यांनी ते वाचले. बंधूंनो, वाचता येणे वेगळे आणि वाचणे वेगळे. वहिनी आज समोरच बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच मी हे सांगितले.

त्यानंतर मी ठरवले की या खिडकीच्या साऱ्या कड्या एकदा पाहून घ्यायच्या. त्या मी आता तुम्हांला एकेक करून दाखवतो.

पहिली गोष्ट, पत्ता वाचा

ब्राउझर उघडला की एक लांब पट्टी दिसते. तिच्यात पानाचा पत्ता असतो. पान खरे की खोटे ते चित्रावरून ओळखू नका. चित्र कोणीही नक्कल करतो. पत्ता वाचा.

आपण पत्रावर पत्ता कसा लिहितो? आधी नाव, मग गाव, मग तालुका, शेवटी जिल्हा. एकाच नावाची गावे दहा असतात. शेवटचा जिल्हा पाहिला म्हणजे खरे गाव कळते. इथेही तसेच आहे. पत्त्यात पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या आधीचा शेवटचा भाग पाहायचा. एकेरी तिरपी रेघ नसेल तर पत्त्याचा अगदी शेवट पाहायचा.

सरकारी पानांचे पत्ते बहुधा ‘गव्ह, टिंब, इन’ असे संपतात. सातबारा पाहायचा पत्ता आहे ‘भूलेख, टिंब, महाभूमी, टिंब, गव्ह, टिंब, इन’. आता समजा, एखाद्या पत्त्यात सुरुवातीला महाभूमी आहे, मधे गव्ह आहे, पण शेवट दुसराच काही आहे. तर ते पान सरकारचे नव्हे. नाव पाटलाचे सांगतो आणि वाडा भलत्याचाच दाखवतो, असा तो प्रकार.

बँकेचे काय? रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सर्व बँकांना सांगितले की आपले पत्ते ‘बँक, टिंब, इन’ असे संपणारे करा. त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत दिली होती. असा पत्ता बँकेलाच मिळतो, ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. म्हणून बँकेचे पान उघडले की आधी शेवट पाहा.

हे पत्ते इंग्रजी अक्षरांत असतात. भिऊ नका. ‘गव्ह, टिंब, इन’ यात पाचच अक्षरे आहेत. ‘बँक, टिंब, इन’ यात सहा आहेत. तुमच्या शिक्षकांकडून ती फळ्यावर लिहून घ्या आणि वहीत दहादहा वेळा गिरवा. एवढी अक्षरे ओळखता आली तरी पुष्कळ काम होईल.

दुसरी गोष्ट, कुलपाचा अर्थ नीट समजून घ्या

पूर्वी पत्त्याच्या शेजारी कुलपाचे चित्र असे. काही ब्राउझरांत ते अजून आहे. क्रोमने २०२३ साली ते काढून तिथे दुसरे चिन्ह ठेवले. दोन आडव्या रेघा आणि त्यांवर दोन गोल, असे ते दिसते. का काढले? कारण लोकांचा गैरसमज होत होता.

कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनापासून त्या पानापर्यंत मजकूर बंद लिफाफ्यातून जातो. वाटेत कोणी तो वाचू शकत नाही. पण लिफाफा ज्याच्या हातात पडतो तो माणूस प्रामाणिक आहे, असे कुलूप सांगत नाही. चोरही आपल्या घराला कुलूप लावतोच की! आज खोट्या पानांवरही कुलूप असते. म्हणून कुलूप असले तरी पत्ता वाचायचाच.

मजकूर बंद लिफाफ्यातून जात नसेल तर मात्र तिथे पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर मुळीच लिहू नका. ब्राउझर अशा पानाला ‘सुरक्षित नाही’ असे म्हणतो.

तिसरी गोष्ट, सेटिंग्ज कुठे असतात

क्रोममध्ये कोपऱ्यात तीन ठिपके दिसतात, एकाखाली एक. त्यांवर बोट ठेवा. एक यादी उघडेल. तिच्यात खाली ‘सेटिंग्ज’ असे लिहिलेले असते. साऱ्या कड्या याच खोलीत आहेत. निरनिराळ्या फोनांत नावे थोडी इकडची तिकडे असतील. पण खोली तीच.

सर्वांत आधी ‘भाषा’ शोधा. तिथे मराठी निवडता येते. मराठी केले म्हणजे पुढचे सारे तुम्हांला स्वतः वाचता येईल. मुलाला किंवा नातवाला विचारायला नको. हे काम आज रात्रीच करा.

मग ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ असा भाग येतो. त्यात ‘सुरक्षित ब्राउझिंग’ आहे. हा आपला राखणदार. लबाड पानांची यादी त्याच्याजवळ असते. तुम्ही तशा पानाकडे निघालात तर तो मधे आडवा येतो. पूर्ण लाल पान दाखवतो आणि ‘मागे फिरा’ म्हणतो. याच्या तीन पायऱ्या आहेत. एक साधी, एक वाढीव आणि एक बंद. बंद कधीच ठेवू नका. साधी आपोआप चालू असते. वाढीव पायरीत राखण अधिक कडक होते. मात्र तुम्ही कोणती पाने उघडता याची अधिक माहिती कंपनीकडे जाते. ते पटत असेल तर वाढीव निवडा, नाहीतर साधी ठेवा.

त्याच भागात ‘नेहमी सुरक्षित कनेक्शन वापरा’ अशा अर्थाची एक कळ असते. ती चालू करा. म्हणजे लिफाफा बंद नसेल तिथे ब्राउझर आधी तुम्हांला विचारील.

इथे एक सावधगिरी सांगतो. खरा राखणदार फक्त ‘मागे जा’ म्हणतो. तो कधीही ‘या नंबरला फोन करा’ किंवा ‘हे औषध उतरवून घ्या’ असे म्हणत नाही. ‘तुमच्या फोनात व्हायरस शिरला’ असे ओरडणारे आणि खाली नंबर देणारे पान म्हणजे सोंगाडी. ते पान बंद करा आणि मोकळे व्हा.

चौथी गोष्ट, परवानगी मोजून द्या

माझी चूक इथेच झाली. पाने आपल्याकडे परवानगी मागतात. कोणी म्हणते सूचना पाठवू का. कोणी म्हणते तुम्ही कुठे आहात ते पाहू का. कोणी कॅमेरा मागते, कोणी आवाज ऐकायची परवानगी मागते.

आपण स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, याला हे कशाला हवे? पावसाचा अंदाज सांगणाऱ्या पानाने गाव विचारले तर ठीक आहे. तेही ‘फक्त या वेळी’ असे देता येते. पण गाण्याच्या पानाला तुमचा कॅमेरा कशाला? दारावर आलेला बोहारी भांडी दाखवतो, त्याला आपण माजघरात नेतो का?

आधी दिलेली परवानगी परत घेता येते. सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’ उघडा. तिथे ‘सूचना’ पाहा. कोणाकोणाला परवानगी दिली त्यांची यादी दिसेल. ओळखीचे नसेल त्याला बंद करा. मी माझी यादी उघडली तेव्हा तिच्यात अकरा नावे होती. त्यांतली नऊ मला ठाऊकसुद्धा नव्हती.

पाचवी गोष्ट, पासवर्ड

ब्राउझर विचारतो, ‘पासवर्ड जपून ठेवू का?’ फोन तुमचा एकट्याचा असेल आणि त्याला स्वतःचे कुलूप असेल, तर ठेवायला हरकत नाही. यात एक फायदाही आहे. जपलेला पासवर्ड ब्राउझर मूळ पत्त्यावरच भरतो. खोट्या पानावर तो आपणहून भरत नाही. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड एक दिवस भरला गेला नाही, तर थांबा आणि पत्ता पुन्हा वाचा.

पण सेवा केंद्रात किंवा दुसऱ्याच्या फोनवर काम करताना ‘नको’ म्हणा. काम झाले की खात्यातून बाहेर पडा. परक्याच्या ओसरीवर पैशाची पिशवी ठेवून आपण घरी येत नाही, तसेच हे.

एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नका. एका किल्लीने घर, गोठा आणि कोठार उघडत असेल, तर किल्ली हरवली की तिन्ही गेली.

सहावी गोष्ट, मागे राहणारा माग

आपण कोणती पाने पाहिली याची नोंद ब्राउझर ठेवतो. तिला इतिहास म्हणतात. पानेही आपल्या फोनात एक चिठ्ठी ठेवून जातात. तिला कुकी म्हणतात. पुन्हा गेलो की त्या चिठ्ठीवरून ती आपल्याला ओळखतात. ‘ब्राउझिंग डेटा हटवा’ यावर बोट ठेवले म्हणजे हे सारे झाडून काढता येते. मात्र कुकी काढल्या की खात्यांत पुन्हा नव्याने शिरावे लागते, हे ध्यानात असू द्या.

गुप्त टॅब म्हणून एक सोय आहे. तीत पाहिलेल्या पानांची नोंद फोनात राहत नाही. दुसऱ्याचा फोन वापरताना ती उपयोगी पडते. पण तिच्यामुळे आपण जगाला दिसेनासे होतो, असे समजू नका. ते पान आणि इंटरनेट देणारी कंपनी यांना कळायचे ते कळतेच.

सातवी गोष्ट, बाहेरून आलेले सामान

कधी निरोप येतो, ‘लग्नाची पत्रिका उघडा’, ‘गाडीचा दंड पाहा’, ‘किसान योजनेचा हप्ता मिळवा’. सोबत एक फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. हे पत्रिकेचे पाकीट नव्हे. तो फोनात शिरणारा माणूस आहे. शिरला की तो तुमचे निरोप वाचतो, ओटीपीसुद्धा वाचतो. ब्राउझर विचारतो, ‘ही फाइल धोक्याची असू शकते, तरी ठेवायची का?’ तेव्हा ‘नको’ म्हणा. नवे ॲप हवे असेल तर प्ले स्टोअरमधूनच घ्या. आणि तिथेही बनवणाऱ्याचे नाव वाचा.

ब्राउझरची नवी आवृत्ती आली की तीही प्ले स्टोअरमधूनच घ्या. पत्र्याला भोक पडले तर पावसाळ्याआधी आपण डांबर लावतो. नवी आवृत्ती म्हणजे ते डांबर.

आणखी एक. बँकेचा किंवा गॅसचा मदतीचा नंबर ब्राउझरमध्ये शोधू नका. लबाड लोक तिथे आपला नंबर पेरून ठेवतात. यादीत वर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते, ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. बँकेचा नंबर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो. तोच खरा.

एवढे करूनही फसलो तर?

मघाचेच आजोबा म्हणतील, “येवढं समदं करूनबी पैसं गेलं, तर काय करायचं?”

आजोबा, तर लाजायचे नाही. लपवायचे नाही. ताबडतोब १९३० या नंबरला फोन करायचा. तो सरकारचा नंबर आहे. ‘सायबरक्राइम, टिंब, गव्ह, टिंब, इन’ या पत्त्यावर तक्रारही लिहिता येते. त्याच वेळी बँकेलाही कळवायचे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेतच अडवण्याची आशा जास्त. गोठ्यातून बैल सुटला तर आपण पहाटेपर्यंत थांबत नाही, लगेच कंदील घेऊन निघतो. तसेच हे.

बायाबापड्या कित्येकदा नवरा रागावेल म्हणून गप्प बसतात. म्हातारी माणसे मुले हसतील म्हणून गप्प बसतात. चोराला हेच हवे असते. घरातल्या कर्त्या माणसांना माझे हात जोडून सांगणे आहे, फसलेल्या माणसाला आधी रागवू नका. आधी १९३० लावा. रागवायला नंतर उभा जन्म आहे.

मंडळी, फोन चांगला आहे. त्याने आपल्या पुष्कळ खेपा वाचवल्या. सातबारा पाहायला पूर्वी अख्खा दिवस मोडायचा. आता ओट्यावर बसून पाहता येतो. म्हणून फोनला भिऊन तो पेटीत ठेवू नका. खिडकी उघडा, पण कडी आपल्या हातात ठेवा.

माझे सारे सांगणे तीन शब्दांत सांगतो. थांबा. वाचा. विचारा. कोणी घाई केली की थांबा. थांबलात की पत्ता आणि आकडा वाचा. वाचून कळले नाही तर शेजाऱ्याला विचारा. या वर्गाने तुम्हांला अक्षर दिले आहे. आमच्या घरात त्या अक्षराने एका संध्याकाळी कांद्याची पट्टी राखली. तुमच्याही घरात ते राखण करो.

 

घरी करण्याचा अभ्यास

१. आपल्या फोनातील ब्राउझरची भाषा मराठी करा.
२. ‘साइट सेटिंग्ज’मध्ये जाऊन सूचनांची यादी वाचा. अनोळखी नावे बंद करा.
३. आपल्या बँकेच्या पानाचा पत्ता कसा संपतो, ते पाहून वहीत लिहा.
४. १९३० हा नंबर घराच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहा. घरातल्या सर्वांना वाचायला लावा.